आजोबांचा ट्रस्ट, सड्यावरची झाडं आणि सात घरचे विश्वस्त

सडेकरीण
सोमवार, रात्री 10.20

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. विषय थोडा घरगुती, थोडा सार्वजनिक आहे.

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. आजोबांनी सत्तरच्या दशकात धर्मादाय ट्रस्ट नोंदवला. आठवड्यातून एकदा दवाखाना, शाळेतल्या मुलांना वह्या, मोतीबिंदूची शिबिरं आणि पावसाळ्यात झाडं लावणं, असं काम. पुढे बाबांनी ते नेटाने चालवलं. आता त्यांनी अंग काढून घेतलंय आणि कार्यकारी विश्वस्त म्हणून माझी नेमणूक झालीय. मी ठाण्यात नोकरी करते. ट्रस्टचं उत्पन्न म्हणजे ठेवींचं व्याज, गिरगावातल्या एका गाळ्याचं भाडं आणि नातेवाइकांच्या देणग्या. फार नाही, पण एका गावासाठी कमीही नाही.

विश्वस्त सात, सगळे घरचे. आणि पहिल्याच बैठकीत तीन तोंडं तीन दिशांना. मोठ्या काकांना आजोबांच्या नावाचं सभागृह बांधायचंय. चुलतभावाने एका कंपनीचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा निधी) आणलाय: आमच्या सड्यावर (जांभ्या कातळाच्या पठारावर) दहा हजार झाडं, ड्रोनने फोटो, कंपनीची पाटी. मला वाटतं की गावात एप्रिल-मेमध्ये टँकर येतो, देवराईच्या कडेने दरवर्षी वणवा लागतो, आणि वरच्या वाडीचे दोन झरे होळीच्या आत आटतात, तर आधी हे बघावं. भाऊ म्हणतो, 'तुझ्या झऱ्याचा फोटो काय काढणार?'

ज्यांनी अशा घरच्या संस्था चालवल्या आहेत किंवा जवळून पाहिल्या आहेत त्यांनी लिहा. वडीलधाऱ्यांना न दुखावता यातून वाट कशी काढायची?

टवाळखोर
सोमवार, रात्री 10.41

सात विश्वस्त, सगळे घरचे. याला ट्रस्ट म्हणत नाहीत ताई, याला गणपतीतली ओसरीवरची बैठक म्हणतात. ठराव कोण लिहितं, आत्या का?

(गंमत केली हो. वाचतोय, चांगला धागा आहे.)

सीए_पेठकर
सोमवार, रात्री 11.35

ताई, वडीलधाऱ्यांचं नंतर बघू, आधी कपाट उघडा. माझ्याकडे असे घरगुती ट्रस्ट बरेच येतात आणि दुखणी बहुतेक सारखीच असतात.

पहिलं, तुमची नेमणूक झाली म्हणता, तर बदल अर्ज दाखल केलाय का? महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, कलम 22. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवायचं. कित्येक ट्रस्टांच्या परिशिष्ट एकवर (धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीच्या उताऱ्यावर) अजून स्वर्गवासी मंडळीच विश्वस्त असतात. बँक एक दिवस सह्या नाकारते तेव्हा धावपळ सुरू होते.

दुसरं, गिरगावचा गाळा. ट्रस्टची इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची तर कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. शेतजमिनीला ही मर्यादा दहा वर्षांची. विकायची, बदलून द्यायची किंवा बक्षीस द्यायची तरी तेच. भाडेकरू नात्यातला असेल तर आणखी सांभाळून. संस्थापक, विश्वस्त, त्यांचे नातेवाईक यांना ट्रस्टच्या पैशातून फायदा झाला, तर आयकराची सूट धोक्यात येते. पुतण्याची जीप 'ट्रस्टच्या कामाला' भाड्याने लावणं हा प्रकार इथेच अडकतो. भाडं बाजारभावाने असेल तर टिकतं, पण ते कागदावर दाखवता आलं पाहिजे.

तिसरं, आयकराची 12एबी (ट्रस्टला सूट) आणि 80जीची (देणगीदाराला वजावट) नोंदणी. पूर्वीसारखी ती आता कायमची नसते. मुदत कधी संपते ते बघा, संपण्याआधी किमान सहा महिने अर्ज जायला हवा. देणग्यांचं 10बीडी विवरण 31 मेपर्यंत. उशीर झाला तर दिवसाला 200 रुपये. आणि देणगीदार नातेवाइकांना सांगून ठेवा की नव्या करप्रणालीत गेलेल्यांना 80जीची वजावट नाही, आणि 2000 रुपयांवरच्या रोख देणगीला तर कुठेच नाही.

चौथं आणि तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे ट्रस्टडीडमधले उद्देश वाचा. दवाखाना आणि शिक्षण लिहिलंय, पण पर्यावरण लिहिलंय का? आयकरातल्या धर्मादाय हेतूच्या व्याख्येत पर्यावरण, पाणलोट, जंगल, वन्यजीव हे 2009 पासून स्पष्टपणे आहेत, पण तुमच्या डीडमध्ये नसतील तर झऱ्यावरच्या खर्चावर कुणीही बोट ठेवू शकतं. उद्देश बदलायचे तर कलम 50अ खाली योजना मंजूर करून घ्यावी लागते, आणि बदल झाल्यावर 30 दिवसांत आयकर खात्याकडे पुन्हा अर्ज.

वर्षाच्या उत्पन्नातले 85 टक्के उद्देशांवर खर्च करायचे. मोठ्या कामासाठी साठवायचे असतील तर कशासाठी ते सांगून पाच वर्षांपर्यंत बाजूला ठेवता येतात. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू, त्यात कलमांचे आकडे बदललेत, गाभा हाच आहे.

खाजणातला_खेकडा
मंगळवार, सकाळी 7.15

दहा हजार झाडं. सड्यावर. वाचूनच छातीत कळ आली.

ताई, तुमच्या भावाला म्हणावं श्रावणात एकदा सड्यावर बूट काढून चाल. मे महिन्यात जो काळा, तापलेला, भकास कातळ दिसतो, त्यावर ऑगस्टमध्ये पाणथळ डबकी असतात. डबक्याच्या काठाला बोटभर उंचीची सीतेची आसवं, निळीजांभळी, एकमेकांना चिकटून शेकड्यांनी. ती मुळं सोडतात चिमूटभर मातीत, आणि त्या मातीत नत्र इतका कमी की पोट भरायला बारीक जीव पकडून खातात. शेजारी दवबिंदू, तीही मांसाहारीच. कातळाच्या खळग्यात बेडकांची अंडी. ही सगळी वस्ती चार महिन्यांची असते आणि तिला झाडाची सावली चालत नाही. महसुली कागदावर त्याला 'पोटखराब' लिहितात म्हणून ते खरंच खराब होत नाही.

सड्यावर झाडं लावायची म्हणजे जेसीबीने कातळ फोडून खड्डे, बाहेरून आणलेली माती, आणि जगतं ते शेवटी काय? आकेशिया नाहीतर ग्लिरिसिडिया. फोटो मात्र हिरवा येतो.

तुमचे आटणारे झरेही त्या सड्याशीच जोडलेले असणार. जांभा सच्छिद्र असतो. सड्यावर पडलेलं पाणी भेगांतून मुरतं आणि खाली जिथे चिकणमातीचा थर लागतो तिथे कडेने बाहेर येतं. कोकणात 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडून मेमध्ये टँकर लागतो तो याचमुळे: जमिनीत पाणी मुरतं भरपूर, पण टिकत नाही, उतारावरून लवकर निघून जातं. झऱ्याच्या वरच्या अंगाचं जंगल तोडलं, किंवा सड्यावर चिऱ्याची खाण निघाली, की झरा महिना-दोन महिने आधी आटतो. म्हणून झरे आणि झाडं हे तुमच्या घरातलं भांडण मुळात खोटं आहे. झाडं हवीतच, पण उतारावर, झऱ्यांच्या माथ्याला. ऐन, किंजळ, बेहडा, रातांबा, जांभूळ. आणि लावण्यापेक्षा जी उभी आहेत ती तुटू न देणं स्वस्त.

अवांतर: पुण्याच्या एईआरएफ या संस्थेने तुमच्याच तालुक्यात खासगी जंगलमालकांशी संवर्धनाचे करार केले आहेत. कोकणातलं जंगल बरंचसं सातबाऱ्यावरचं, म्हणजे खासगी आहे. मालकाला मुलीच्या लग्नाला पैसे लागले की तो लाकूडव्यापाऱ्याला डोंगर उक्ता देऊन टाकतो. त्या वेळी त्याच्या हातात दुसरा पैसा ठेवायला कुणीतरी हवं असतं. त्यांनी जुन्या बेहड्यांची फळं फेअरवाइल्ड (रानातला माल झाडं टिकवून गोळा केल्याच्या) प्रमाणपत्रासह परदेशातल्या आयुर्वेदिक चहावाल्या कंपनीपर्यंत पोहोचवली. त्याच बेहड्यांच्या ढोलीत धनेश घरटी करतात. झाड उभं ठेवून मालकाला दरसाल पैसे मिळाले तर तो करवत आणत नाही. घरच्या ट्रस्टला झेपेल असं हे काम आहे.

सीएसआरवाली
मंगळवार, दुपारी 1.05

मी या टेबलाच्या पलीकडे बसते, म्हणून लिहिते. भावाला खलनायक करू नका. मोठ्या कंपनीला कायद्याने सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्च करायचेच असतात, आणि आर्थिक वर्ष मार्चअखेर संपतं. म्हणून फेब्रुवारीत फोन येतात, 'झाडं लावता का?' मार्चमध्ये! कुठला शेतकरी मार्चमध्ये रोप लावतो?

पण आमच्यातही ऐकणारे असतात. प्रस्तावात 'दहा हजार झाडं' हा आकडा लिहिला की आमच्या तक्त्यात तोच जातो आणि पुढे सगळे त्याच आकड्याच्या मागे लागतात. त्याऐवजी 'दोन झऱ्यांचं पाणलोट, तीन वर्षं देखभाल' असं लिहून द्या. चालू प्रकल्प म्हणून बहुवर्षीय खर्चाची सोय नियमांत आहे. तुमच्याकडे सीएसआर-1 (सीएसआरचा पैसा घेणाऱ्या संस्थांची) नोंदणी आहे ना? 1 एप्रिल 2021 पासून तिच्याशिवाय पैसा घेता येत नाही.

आणि झऱ्याचा फोटो निघत नसेल, आकडा निघतो. दहा लिटरची बादली झऱ्याखाली धरायची, किती सेकंदांत भरली ते लिहायचं. शाळेतली मुलं दर पंधरवड्याला हे करतील. वही, बादली, मोबाईलमधलं घड्याळ. दोन वर्षांची अशी वही मी माझ्या साहेबांपुढे ठेवली तर ड्रोनच्या फोटोपेक्षा जड पडते, हे अनुभवाने सांगते.

अमेय_एनजे
मंगळवार, रात्री 8.50

इकडे अमेरिकेत फॅमिली फाउंडेशन हा वेगळाच प्राणी आहे. 1969 च्या करकायद्यानंतर नियम कडक झाले. दरवर्षी गुंतवणुकीच्या साधारण पाच टक्के वाटावेच लागतात. आणि कुटुंबातल्या माणसाने फाउंडेशनशी व्यवहार करायचा नाही, अगदी योग्य भावाने असला तरी. कामाचा वाजवी पगार चालतो, पण घर भाड्याने दिलं, जमीन विकली, तर दंड. सीएसाहेबांनी लिहिलेला 'बाजारभाव असेल तर टिकतं' हा प्रकार इथे नाही. आपल्याकडेही निदान बैठकीपुरता तरी हा नियम स्वतःला लावून घ्यावा असं माझं मत.

एक सावधगिरी. सडेकरीणताई, इकडचे नातेवाईक डॉलर पाठवतील तर थांबा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून दिलं तर ते परकी देणगीत धरत नाहीत. पण ज्यांनी इथलं नागरिकत्व घेतलंय, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) असलं तरी, त्यांचा पैसा परकीच. त्याला एफसीआरएची (परकी देणगी कायद्याची) नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं खातं लागतं. काकू प्रेमाने हजार डॉलर पाठवेल आणि तुम्ही अडकाल.

खोतांच्या_गावचा
मंगळवार, रात्री 10.05

थोडं कडू लिहितो, राग मानू नका.

संगमेश्वर तालुका, आजोबांचा ट्रस्ट, सडा 'आमचा', देवराईच्या कडेला शब्द चालतो. तुम्ही खोतांच्या, म्हणजे पूर्वी गावचा सारा वसूल करणाऱ्यांच्या, घरातल्या का? असाल तर तुमचा प्रश्न 'वडीलधाऱ्यांना न दुखावता' एवढाच नाही. आमच्या आज्याने खोताला मक्ता भरलाय. 1937 साली बाबासाहेबांनी विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक आणलं, अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 ते 1939 संप केला, आणि कायदा झाला तो 1949 साली. कागदावरून खोती गेली. पण वह्यावाटपाला अजून माझ्या वाडीतली पोरं रांगेत उभी राहतात आणि खुर्चीवर तुमच्याच घरचं माणूस असतं.

वरच्या वाडीचा झरा म्हणता. वरची वाडी कुणाची? आणि तिथल्या किती जणांना तुम्ही विचारलंत की आधी काय हवं?

सडेकरीण
मंगळवार, रात्री 11.20

हो, खोतांच्याच घरातली. राग आला नाही. वरची वाडी कुणब्यांची, आणि तिच्या पलीकडे बौद्धवाडी, जिला त्या झऱ्याचं पाणी सगळ्यात शेवटी मिळतं. विश्वस्तांत दोन्ही वाड्यांतलं कुणी नाही. डीडमध्ये 'संस्थापकांचे वंशज अथवा त्यांनी नेमलेली योग्य व्यक्ती' असं आहे. 'योग्य व्यक्ती' आजवर कुणाला सापडली नाही.

माणदेशी72
बुधवार, सकाळी 9.30

खोतांच्या_गावचा यांनी दुखरी नस दाबली. पुरंदरचं उदाहरण देतो, म्हणजे घरच्या पैशातून चाललेलं काम गावाचं कसं होतं ते दिसेल.

विलासराव साळुंखे हे पुण्यातले कारखानदार. 1972 च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात फिरले, खडी फोडणारी माणसं पाहिली, आणि पुढे नायगावात देवस्थानची 40 एकर उजाड जमीन 50 वर्षांच्या कराराने घेऊन स्वतःच तिथे प्रयोग करत बसले. ग्राम गौरव प्रतिष्ठान काढलं. त्यातून पाणी पंचायत आली. तिचा नियम ऐका: पाणी जमिनीच्या मापाने मिळणार नाही, घरातल्या माणसांच्या संख्येने. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जात नाही. ऊस लावायचा नाही. योजनेचा 20 टक्के खर्च लाभार्थ्यांनीच उचलायचा. 2002 साली विलासराव गेले, पत्नी कल्पनाताईंनी काम पुढे नेलं.

यात कळीचा मुद्दा तो 20 टक्क्यांचा. गरीब माणसाने पदरचे पैसे घातले की तो बैठकीत आवाज चढवतो. फुकट मिळालं की हात जोडतो. तुम्हाला हात जोडणारं गाव हवंय की हिशेब विचारणारं, हे आधी ठरवा. हिशेब विचारणारं गाव त्रास देतं, सांगून ठेवतो.

तुमच्याकडे लोकवाटा रोखीत मागू नका. पावसाळा सरल्यावर पऱ्यांवर (ओहोळांवर) वनराई बंधारे घाला: सिमेंटची रिकामी पोती, त्यात माती, आडवी रचायची. मजुरी वाड्यांची, पोती आणि चहा ट्रस्टचा. घालायचे ते पऱ्या वाहता असतानाच, पाणी आटल्यावर नाही.

फलटणकर
बुधवार, सकाळी 11.10

घरच्या संस्थेचं आमच्या गावातलं उदाहरण अगदी वेगळ्या चालीचं. बी. व्ही. निंबकरांनी 1968 साली फलटणला 'नारी' म्हणजे निंबकर कृषी संशोधन संस्था काढली. पुढे मुलींनी चालवली. पण मुलगी म्हणून खुर्ची मिळाली असं झालं नाही, दोघीही त्या त्या विषयात शिकून आल्या. नंदिनीताई पिकांच्या अभ्यासातल्या, करडई आणि गोड ज्वारीवर काम. चंदाताई मेंढ्यांच्या आनुवंशिकीतल्या. बंगालच्या सुंदरबनाकडची गारोळ ही ठेंगणी मेंढी, तिच्यातला जुळी देण्याचा गुण दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' तयार झाली. जावई अनिल राजवंशी ग्रामीण ऊर्जेत: गोड ज्वारीच्या अल्कोहोलवर चालणारी शेगडी आणि कंदील. एका मुलीला शिक्षणाची आवड, ती शाळेकडे वळली.

म्हणून 'घरचे विश्वस्त' हाच दोष असं मी म्हणणार नाही. घरच्यांपैकी कुणाला झरा कळतो, कुणाला हिशेब, कुणाला सरकारी कचेरी, हे बघा. ज्याला काहीच येत नाही त्याला अध्यक्ष करा, फोटोत चांगला दिसतो.

टवाळखोर
बुधवार, सकाळी 11.25

शेवटच्या वाक्याला दंडवत.

निवृत्त_गुरुजी
बुधवार, दुपारी 4.00

मोठ्या काकांची बाजू कुणीच घेतली नाही, म्हणून मी घेतो.

मी गुहागर, चिपळूणकडे जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरी केली. पोरी, गावात सभागृह नसलं की काय होतं ठाऊक आहे? ग्रामसभा देवळात होते. देवळात झाली की कोण आत बसतं आणि कोण पायरीवर, ते ठरलेलं असतं. बचत गटाच्या बायका कुणाच्या तरी पडवीत बसतात आणि त्या घरचा पुरुष मध्येमध्ये डोकावतो. मोतीबिंदूचं शिबिर शाळेत, म्हणजे त्या दिवशी शाळेला सुट्टी. चार भिंती आणि पत्र्याचं छप्पर, ज्यात कुठल्याही वाडीचा माणूस चपला काढून सरळ आत येईल, ही चैन नव्हे. फक्त ते देवळाच्या आणि तुमच्या वाड्याच्या आवारात नको, आणि नाव आजोबांचं असेल तर किल्ली गावाकडे असावी.

काकांना विरोध करू नकोस. जागा कुठे, एवढाच प्रश्न विचार.

आणखी एक. झरा दुरुस्त करायला सगळेच मुंबईकर उत्साहाने येतात, दगड लावतात, टाकी बांधतात आणि वरती भांडी घासायचा ओटा करतात. त्या ओट्याचं पाणी कुठे जातं ते कुणी बघत नाही. पाणवठ्यावर बायकांना विचार. कुठल्या महिन्यात झरा कितव्या दगडापर्यंत उतरतो, हे त्यांना तोंडपाठ असतं.

खाजणातला_खेकडा
बुधवार, संध्याकाळी 6.40

गुरुजी, मान्य. वणव्याबद्दल राहून गेलं म्हणून लिहितो. जाळरेषा काढायची तर डिसेंबर-जानेवारीत, गवत पुरतं वाळायच्या आत. देवराईच्या भोवती काही हातांचा पट्टा गवत कापून, पाला ओढून साफ. फेब्रुवारीत उशीर झालेला असतो. कोण पेटवतं यावर गावात बोलू नका, सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी सांगणार नाही. नव्या गवतासाठी कुणी लावतं, शिकारीसाठी कुणी लावतं, बिडीचं थोटूकही पुरतं. पोरांचा एक गट तयार करा, त्यांना त्या दोन महिन्यांचं मानधन द्या. ट्रस्टच्या खर्चात हा आकडा लहानच राहील.

आणि लावलेल्या रोपांना कुंपण. भातकापणी झाली की गुरं मोकाट सोडतात, ही रीत जुनी आहे, ट्रस्टच्या रोपांसाठी ती थांबणार नाही. राज्य सरकारने 2019 साली 33 कोटी रोपांची मोहीम काढली होती. मोजणी खड्ड्यांची आणि रोपांची झाली, पुढच्या पावसाळ्यातल्या झाडांची व्हायला हवी होती.

सडेकरीण
शनिवार, रात्री 9.15

सगळ्यांचे आभार. पेठकरकाकांनी सांगितल्याप्रमाणे कपाट उघडलं. डीडमध्ये 'ग्रामसुधारणा व वृक्षसंवर्धन' असे शब्द सापडले, तेवढा जीव भांड्यात पडला. बदल अर्ज अजून दिलेला नाही, मुदत शिल्लक आहे.

पण मोठा बॉम्ब वेगळाच. ज्या सड्याला आम्ही 'ट्रस्टचा सडा' म्हणतो त्याचा सातबारा काढला. त्यावर आजोबा, त्यांचे दोन भाऊ आणि पुढच्या वारसांची नावं. ट्रस्टचं नाव कुठेच नाही. आजोबांनी एका वहीत 'सडा संस्थेस दिला' असं लिहून ठेवलंय, सही आहे, बाकी काही नाही. भाऊ ज्या जमिनीवर कंपनीची पाटी लावणार होता ती ट्रस्टची नाहीच!

सीए_पेठकर
शनिवार, रात्री 10.30

वहीतल्या सहीने जमीन जात नाही. स्थावर मालमत्तेचं बक्षीसपत्र नोंदवावंच लागतं. आता सगळे वारस राजी झाले तरी कुळकायद्याचं कलम 63 आडवं येतं: शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकता, बक्षीस देता येत नाही, ट्रस्ट शेतकरी नाही, म्हणून जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. वकिलाला दाखवा. तोवर त्या जमिनीवर ट्रस्टचा एक रुपयाही घालू नका, कारण तो विश्वस्तांच्याच खासगी जमिनीच्या सुधारणेवर घातल्यासारखा होईल. वर लिहिलेला नातेवाइकांच्या फायद्याचा मुद्दा, तोच.

सीएसआरवाली
शनिवार, रात्री 10.44

आणि कंपनीला आजच कळवा. पैसे आल्यावर कळवण्यापेक्षा फार सोपं असतं.

बंगळुरूची_बाय
रविवार, सकाळी 8.20

पाण्यावरून आठवलं. इथल्या 'अर्घ्यम्'ची गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे. रोहिणी निलेकणींनी 2001 साली स्वतःच्या पैशातून काढली. या माहेरच्या सोमण, आजोबा बेळगावचे बाबासाहेब सोमण, गांधीजींबरोबर चंपारणला गेलेले. अर्घ्यम् स्वतः खोदकाम करत नाही, पाण्यावर काम करणाऱ्या स्थानिक संस्थांना पैसा देते. 2021 मध्ये त्यांनी अध्यक्षपद सोडलं आणि ते घराबाहेरच्या व्यक्तीकडे दिलं. पैसा घरचा, निर्णय बाहेरच्यांचा, हे जमतं. तुमचा आकार लहान असला तरी देवरुख-चिपळूणकडे काम करणाऱ्या संस्था आहेत, सगळं स्वतःच करायचा अट्टहास कशाला?

खोतांच्या_गावचा
रविवार, सकाळी 10.15

बाहेरच्या संस्था ठीक. पण मी विचारलेलं तसंच राहिलं. सडा घराण्याच्या नावावर आहे म्हणता, तर त्या सड्यावर गुरं कुणाची चरतात? पिढ्यान् पिढ्या वाड्यांची. उद्या 'संवर्धन' म्हणून कुंपण घातलंत तर नवी खोती झाली.

सडेकरीण
रविवार, रात्री 11.05

कुंपण घालणार नाही. सड्याला हातच लावायचा नाही, असं आज बाबांशी आणि मोठ्या काकांशी बोलून ठरलंय. भाऊ रुसलाय, पण सातबारा बघून गप्प आहे. कंपनीला त्यानेच फोन केला. त्यांना झऱ्यांच्या माथ्याचं काम चालेल का ते विचारतोय, बादलीची वही त्याला पटली.

काकांना मी गुरुजींचा प्रश्न विचारला, जागा कुठे. ते बराच वेळ बोललेच नाहीत, मग म्हणाले, 'शाळेच्या मागे ग्रामपंचायतीची जागा आहे, पण मग मालकी पंचायतीची होईल.' मी म्हटलं, होऊ दे, आपण खर्च द्यायचा. हो म्हणाले नाहीत, नाही पण म्हणाले नाहीत. आमच्या घरात याला प्रगती म्हणतात.

पुढच्या बैठकीचे विषय असे लिहिलेत: बदल अर्ज, दोन विश्वस्तांच्या रिकाम्या होणाऱ्या जागा (आत्या आणि धाकटे काका वयामुळे सोडणार आहेत) वरची वाडी आणि बौद्धवाडीतून भरणे, नावं वाड्यांनीच सुचवायची, विश्वस्त व नातेवाइकांशी कुठलाही आर्थिक व्यवहार न करण्याचा ठराव, जाळरेषेच्या गटाचं मानधन, वनराई बंधारे. शिमग्याला सगळे गावी असतात, तेव्हा बैठक घेऊ म्हणतेय.

खोतांच्या_गावचा
रविवार, रात्री 11.30

दोन जागा सातपैकी. ठीक, सुरुवात म्हणून. पण मतं मोजली तर पाच तुमचीच.

निवृत्त_गुरुजी
सोमवार, सकाळी 6.50

शिमग्यात बैठक? पालखी घरी आलेली असताना ठराव कोण वाचणार? मानपानावरून आधीच दोन वाड्यांत बोलणं बंद असतं त्या दिवसांत. आणि जाळरेषा शिमग्यानंतर काढून काय उपयोग, तोवर डोंगर जळून झालेला असतो. दिवाळीच्या सुट्टीत घे. भातं कापून झालेली असतात, पऱ्यांना पाणी असतं, बंधारेही तेव्हाच बांधून होतील.

सीए_पेठकर
सोमवार, सकाळी 9.05

दिवाळीला माझी हरकत नाही, फक्त बदल अर्जाचे 90 दिवस त्याच्या आधी संपतात का ते बघा. संपत असतील तर तेवढा अर्ज आता घाला, बाकी विषय दिवाळीत. आणि सूचनापत्र डीडमध्ये जितक्या दिवसांचं लिहिलंय तितके दिवस आधी, सातही जणांना लेखी. व्हॉट्सअ‍ॅपच्या कुटुंबाच्या गटात टाकलं म्हणजे सूचना दिली असं होत नाही.